अंगारकीचं अंडं

महिपतीच्या कारखान्यात एक लाकडी स्टूल होतं. त्यावर नूतनशिवाय दुसऱ्या कुणी बसू नये असा नियम कुणी केलेला नव्हता, पण एकोणीस वर्षांत कुणी बसलंही नव्हतं. हमरापूर गावात घरोघरी गणपती घडतात. तिथे कारखाना म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे राहतं घर आणि मधल्या इंचाइंचावर गणपती. माती मळणं, साचे भरणं, घासकाम, रंग, हे सगळं दहा हातांनी होतं. डोळे मात्र एकाच हाताने. महिपतीकडे तो हात त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, नूतनचा होता.

सोंडेचा रंग बिघडला तर पुन्हा मारता येतो. पितांबराची किनार वाकडी गेली तर हाराखाली लपते. डोळ्याला लपायला जागा नाही. बुबुळ जरासं सरकलं की देव घरातल्या माणसांकडे न बघता खिडकीबाहेर बघतो आणि त्या घराला विसर्जनापर्यंत चैन पडत नाही. नूतनने आखलेला गणपती सरळ बघायचा. सासू कृष्णाबाई सुनेचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती, पण गिऱ्हाईक मूर्तीसमोर थबकलं की म्हणायची, "डोळे आमच्या नूतनचे हायत."

या नूतनचं वजन एकशे एकवीस किलो होतं. स्टूल तीनदा मोडलं आणि तीनदा नवं आलं. ते मोडायचं तेव्हा सगळ्यांआधी नूतनच हसायची, कारण आपण आधी हसलो की लोकांच्या हसण्याची धार कमी होते हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. वजनाचं तिने कधी मनावर घेतलं नाही म्हणणारे चुकतात. घेतलं होतं, पण उपयोग झाला नव्हता. मग साखरेचा आजार आला आणि साखरेपाठोपाठ बोटांना मुंग्या आल्या. एका श्रावणात एका साध्या दीड फुटी गणपतीचा डावा डोळा तिला चार वेळा पुसून काढावा लागला. त्या दिवशी ती हसली नाही. स्टूल गेलं तर नवं येतं, हात गेला तर काय?

तिचा नवरा दत्तात्रेय रोह्याला एका कंपनीत शिफ्टला जायचा. कंपनीच्या विम्यात बसत होतं म्हणून फेब्रुवारीत पनवेलला नूतनचं ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढून टाकला आणि उरलेलं पोट एका केळ्याएवढं ठेवलं. बाहेरून दिसायला पाच बारीक छिद्रं, एवढंच.

घरी येण्याआधीच कृष्णाबाईने ठरवून टाकलं होतं. "पित्ताचे खडे काढले असं सांगायचं. पोट कापून बारीक झाली म्हणाल तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. तोंडाला आवर घालता आला नाय म्हणून पोटाला टाके घातले म्हणतील." यात म्हातारी दुष्ट होती असं नाही. गाव नेमकं असंच म्हणालं असतं, आणि नूतनलाही आतून तसंच वाटत होतं. तिने मान डोलावली.

खोटं तिथेच थांबलं असतं. पण मार्चमध्ये ती पुन्हा कारखान्यात आली आणि दुपारी जेवायला बसली. बायकांनी डबे उघडले. धोंडुबाई, घासकाम करणारी सगळ्यांत जुनी बाई, तिने नूतनपुढे अख्खी भाकरी ठेवली. नूतनच्या केळ्याएवढ्या पोटात मुगाच्या कढणाचे चार चमचे जात होते.  भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल अक्षर दिसलं आणि तोंडातून गेलं, "आज संकष्टी हाय."

ती खरंच संकष्टी होती. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, तोही खपला. बुधवारी काय सांगावं या पेचात ती असताना कृष्णाबाईने मागच्या दारातूनच सांगितलं, "तिनं एकवीस संकष्ट्या बोलल्यात. मधल्या दिवशीपण एकच घास खाते." झालं. नूतन रोज पाण्यात कालवून पीत असलेली प्रथिनांची पावडर उपवासाचं दूध झाली.

आणि वजन उतरायला लागलं. महिन्याला आठ, नऊ किलो. जूनपर्यंत चौतीस किलो गेले. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिवणीला जागा उरली नाही. बोटांच्या मुंग्या गेल्या. हात असा स्थिर झाला की विशीतसुद्धा नव्हता. गाव थक्क झालं. गल्लीतल्या बायका वाटेत थांबवून विचारू लागल्या, की सकाळी काय घेतेस, चंद्र बघून काय खातेस, स्तोत्र किती वेळा. महिपती तर धंद्याचा माणूस. त्याने मोबाइलच्या स्टेटसवर नूतनचा फोटो टाकला, हातात कुंचला, समोर गणपती, आणि खाली लिहिलं, व्रतस्थ हातांची आखणी. वडखळ, अलिबागकडची नवी गिऱ्हाइकं फोन करून विचारू लागली, डोळे त्याच बाई आखतील ना?

नूतनला हे आवडत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर जिच्या खुर्चीकडे लोकांनी काळजीने बघितलं, तिच्या पाया पडायला एक नवी नवरी आली होती. तिने पाय मागे घेतले, पण जरा उशिराच घेतले.

मे महिन्यात केस गळायला लागले.

पहिल्यांदा न्हाणीच्या जाळीवर एक पुंजका. मग कंगव्यात, मग उशीवर, मग आमटीत. नूतनची वेणी गावात प्रसिद्ध होती. अंग कसंही असलं तरी केस बघावेत तर तिचे, असं शत्रूसुद्धा म्हणायचा. ती वेणी महिन्याभरात शेपटीएवढी झाली आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी कातडी दिसू लागली. तिने पनवेलला फोन लावला. तिथल्या आहाराच्या मॅडम म्हणाल्या, "मी आधीच सांगितलं होतं नूतनताई. वजन पटकन उतरलं की होतं असं. तात्पुरतं आहे. सहा-सात महिने झाले की थांबेल आणि वर्षभरात परत येतील. पण प्रथिनं चुकवायची नाहीत. अंडी खाता ना?"

आता ही अंडी. एरवी त्या घरात मासळी, अंडी सगळं चालायचं, पण उपवासाच्या बाईने अंडं कसं खायचं? आणि पुढे तर श्रावण लागला. म्हणून त्या फोननंतर दत्तात्रेय रोज रोह्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवरून उकडलेली दोन अंडी रुमालात गुंडाळून आणायचा. एक नूतन सकाळी न्हाणीत नळ सोडून खायची आणि दुसरं पिशवीत ठेवायची, दुपारी कारखान्यामागच्या संडासात उभ्याने खायला. टरफलं कागदात बांधून पुन्हा दत्तात्रेयच्या डब्याच्या पिशवीत. अंडी रोह्याहून यायची आणि टरफलं रोह्याला जायची. नवराबायकोत यावर पहिले काही दिवस हसू व्हायचं. नंतर त्यातली गंमत गेली.

कामावर ती डोक्याला स्कार्फ घट्ट बांधायची. रंगाच्या फवाऱ्यामुळे सगळ्याच बायका बांधायच्या, म्हणून ते खपून गेलं. पण जून संपताना एका मूर्तीच्या ओल्या पांढऱ्या डोळ्यावर एक लांब केस येऊन चिकटला. नूतनने श्वास धरून ओल्या कुंचल्याच्या टोकाने तो उचलला आणि मागे वळून बघितलं. धोंडुबाई बघत होती.

दोन दिवस कारखान्यात कुजबुज चालली. पोटाचं ऑपरेशन, वजन उतरलं, केस गेले, म्हणजे तो मोठा आजार तर नव्हे? कुणी तिच्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघू लागलं. मग धोंडुबाईनेच निकाल दिला. "आजार कसला गो? आजारी माणसाचा हात असा चालतो? देव फुकट काय देत नाय. वजन उतरवलंन, त्याच्या बदल्यात केस मागितलेन."

हे सगळ्यांना एकदम पटलं. आणि इथे नूतनचं चुकलं. खोट्याची सुरुवात तोंडातून सुटली होती, वाढवलं सासूने, विकलं दिराने. पण हे वाक्य तिच्या समोर बोललं गेलं तेव्हा तिला खोडता आलं असतं. तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं. तिने स्कार्फची गाठ सारखी केली आणि पुढचा गणपती ओढला.

तिच्यामागे चार हातांवर मनस्वी उभी होती. मनस्वी शेजारच्या गल्लीतली, तेवीस वर्षांची, कॉम्प्रेसरवर रंगाची गन चालवायची. अंगाने अगदी जुन्या नूतनसारखी. स्कूटीवर बसली की पोरं टायरकडे बघून हसायची आणि तीही आधी हसून घ्यायची. नूतन हे ओळखून होती, म्हणून तिचा मनस्वीवर जीव होता. आणि मनस्वीने मार्चपासून नूतनला देवासारखं धरलं होतं. संकष्टी धरली, मग मंगळवार, मग शनिवार, श्रावणात सोमवार. निर्जळी नाही, पण पाणी आणि कोरा चहा सोडून काही नाही. मधल्या दिवशी नूतनकाकी खाते तेवढेच चार चमचे.

"मनस्वी, एवढं नको करू गो," नूतन एकदा म्हणाली.

"तू केलंस की काकी."

 नूतनचं पोट केळ्याएवढं होतं, मनस्वीचं अख्खं होतं आणि ते रोज उपाशी होतं. शिवाय नूतनला चार चमच्यांवर गोळ्या होत्या, पावडर होती, न्हाणीतली अंडी होती. मनस्वीला फक्त श्रद्धा होती. तिची गन कधीमधी थरथरते, रंगाचे थेंब उडतात, हे नूतनला दिसत होतं. गणपती होऊ देत, केस येऊ देत, मग बघू, असं ती रोज स्वतःला सांगायची.

यंदा गणपतीच्या आधीची संकष्टी मंगळवारी आली होती, म्हणजे अंगारकी. तिच्या आदल्या संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर मनस्वी नूतनच्या स्टुलापाशी आली. हातात वर्तमानपत्राची पुडी. तिने ती इकडेतिकडे बघून उघडली. आत केसांचा गुंतवळ होता, मूठभर.

"काकी, माझेपण सुरू झाले," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "दोन आठवडे जमवतेय. म्हणजे देवानं घेतलंन ना गो माझं?"

 नूतनने मनस्वीला पत्र्याआड नेलं, पदर बाजूला केला आणि पोटावरचे पाच डाग दाखवले. सगळं सांगितलं. पनवेल, ऑपरेशन, पोट काढून टाकलेलं, केस का गेले. घाईघाईत, अडखळत.

मनस्वीने डाग नीट बघितले. "हे पित्ताच्या खड्यांचे ना? कृष्णाआजीनं सांगितलंय आम्हांला."

"आई खोटं बोलल्या गो. मीपण बोलले."

मनस्वी एक पाऊल मागे सरकली.  "काकी, माझं होऊ नये असं वाटतं का तुला? तू एकटीच बारीक हवीस?"

तिने पुडी बांधली आणि निघून गेली. सहा महिने खोटं सगळ्यांना पटलं होतं आणि खरं एका पोरीलासुद्धा पटलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर नूतनने घरात विषय काढला. आपण उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकतो म्हणाली. कोणी आरडाओरडा केला नाही. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं. महिपती म्हणाला, "पंधरा दिवस ऱ्हायलेत. साठ लोकांना मी उपवासाच्या बाईचे डोळे म्हणून शब्द दिलाय. गणपती जाऊ देत, मग तू काय सांगायचं ते सांग." कृष्णाबाई म्हणाली, "पोरीला मी समजावते, उपवास जरा कमी कर म्हणून. त्याला एवढं काय." दत्तात्रेयसुद्धा, जो तीन महिने टरफलं वाहत होता, म्हणाला, "पंधराच दिवसांचा प्रश्न हाय नूतन." सगळे शहाण्यासारखं बोलत होते. त्यांतल्या एकेकाचं बोलणं तिला पटत होतं, आणि सगळ्यांची मिळून एक भिंत तिच्या चारी बाजूंनी उभी राहिली होती. त्या भिंतीची अर्धी माती तिनेच मळून दिली होती.

अंगारकीला सकाळी रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून श्यामलाताई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा, कडक इस्त्रीची साडी. त्यांच्या घराचा रिवाज होता. गणपतीचे डोळे आखताना घरातलं एक माणूस समोर बसून असायचं, म्हणजे देवाने डोळे उघडले की पहिलं आपलं माणूस दिसावं. बावीस वर्षं त्या अंगारकीला किंवा साध्या संकष्टीला येत होत्या. महिपतीने त्यांना खुर्ची दिली. नूतनने कुंचला धुतला, स्टूल पुढे ओढलं. पिशवी तिने नेहमीप्रमाणे खुंटीला अडकवली होती आणि पिशवीत रुमालात दुपारचं अंडं होतं.

पांढरं भरून झालं. ते सुकेपर्यंत थांबायचं होतं. पत्रा तापला होता, पाऊस चार दिवस थांबलेला. कॉम्प्रेसर घरघरत होता. मग काहीतरी आपटलं आणि घरघर तशीच चालू राहिली. गणपतींपुढचे छोटे उंदीर मांडलेल्या फळीपाशी मनस्वी खाली पडली होती आणि तिच्या हातातून सुटलेली गन जमिनीवर सोनेरी रंग ओकत होती.

धोंडुबाईने तोंडावर पाणी मारलं. कुणी कॉम्प्रेसर बंद केला, कुणी साखरपाणी केलं. मनस्वीने डोळे उघडले, पेला बघितला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"घे गो, दोन घोट घे," धोंडुबाई म्हणाली.

"चंद्र दिसल्याशिवाय नाय."

"पोरी, आभाळ भरलं तर चंद्र कुठून दिसणार?"

"काकीनं घेतलं असतं का?" मनस्वी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

सगळ्या बायका नूतनकडे बघू लागल्या. श्यामलाताईही बघत होत्या. महिपती शेडच्या दारात आला होता आणि त्याने नूतनकडे बघून मान हलवली, नको म्हणून. कृष्णाबाई घराच्या उंबऱ्यात उभी होती.

नूतन स्टुलावरून उठली. खुंटीवरची पिशवी काढली आणि मनस्वीच्या डोक्याशी जमिनीवर मांडी घालून बसली. तिने आधी स्कार्फ सोडला. भांगाच्या बाजूची ती चकाकती जागा आजवर घराबाहेर कुणी उघडी बघितलेली नव्हती. मग रुमाल उघडला, अंडं फरशीवर आपटलं आणि सोलायला घेतलं. श्रावणात, अंगारकीला, सत्तर गणपतींच्या समोर.

"मी एकपण उपवास केलेला नाय," ती म्हणाली. "माझं पोट कापलंय, म्हणून मला जेवण जात नाय. केस देवानं घेतले नायत, ऑपरेशननं गेलेत, आणि ते परत येणार हायत. मी रोज अंडं खाते. काल खाल्लं, आजपण खाणार."

तिने पहिला घास घेतला.

आता, केळ्याएवढ्या पोटाच्या माणसाला अंडं चटकन खाता येत नाही. एकेक घास तीस तीस वेळा चावायचा, मग थांबायचं, मग दुसरा. घाईने गिळलं तर तिथेच उलटून पडलं असतं आणि सगळ्यांनी तो देवाचा कोप मानला असता. तेव्हा नूतन सावकाश खात राहिली. एक अंडं खायला तिला पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत कुणाला तिथून हलता आलं नाही. एका बाईने पदर नाकाला लावला. धोंडुबाई उकिडवी बसून एकटक बघत होती. मधेच एकदा घास अडल्यासारखा झाला, नूतनच्या कपाळावर घाम आला, तिने डोळे मिटून घेतले, आणि तो उतरला. तिला कुणाचीही भीती वाटत नव्हती, फक्त मनस्वीची वाटत होती.

शेवटचा पिवळा तुकडा तोंडात गेल्यावर मनस्वी उठून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा रागाचा होता.

"सहा महिने तू मला बघत होतीस," ती म्हणाली. "मी उपाशी हाय हे बघत होतीस."

"व्हय," नूतन म्हणाली.

मनस्वीने धोंडुबाईच्या हातातून पेला ओढून घेतला आणि साखरपाणी एका दमात प्यायली. मग पेला खाली ठेवून ती भिंतीला धरत घरी गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

श्यामलाताईंनी चष्मा पुसला. त्या कधीच आवाज चढवत नसत. "महिपती," त्या म्हणाल्या, "यांनी केलं ते योग्यच केलं. पण आमच्या घरचा देव आहे, आणि आजचा दिवस. यंदा तुम्हीच आखा."

महिपतीने स्टुलावरचा कुंचला उचलला. "पोरीच्या जिवाचं तू बघितलंस, ते बरं झालं नूतन," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण मी लोकांना आता काय सांगू?" आणि तो स्टुलावर बसला. नूतन कोपऱ्यात उभी राहून बघत होती. त्याचा हात वाईट नव्हता, सवय नव्हती एवढंच. उजवं बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकलं. श्यामलाताई समोर बसल्या होत्या आणि देव त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. हात वाचावा म्हणून नूतनने पोट कापून घेतलं होतं. तो हात आता लाकडासारखा स्थिर होता, आणि मोकळा.

गाव काय म्हणालं ते वेगळं सांगायला नको. कृष्णाबाईने फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर कमी पडलं नाही. म्हातारी आठ दिवस सुनेशी बोलली नाही. स्टेटसवरचा फोटो गेला. सात गिऱ्हाइकांनी दुसऱ्या कारखान्यातून मूर्ती घेतल्या आणि उरलेल्यांचे डोळे महिपतीने रात्रंदिवस बसून आखले. नूतनला त्याने उंदरांची फळी दिली. प्रत्येक गणपतीपाशी एक उंदीर, प्रत्येक उंदराला दोन डोळे, मोहरीएवढे. तिथे उपवासाची अट नव्हती. ती जमिनीवर बसून ते आखायची, डोकं उघडं ठेवून, कारण आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी सगळ्यांदेखत अंडं सोलायची. बायका पाठ करून बसायच्या.

मनस्वी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, गन घेतली आणि नूतनकडे न बघता कामाला लागली. जेवायच्या वेळी ती शेडच्या दुसऱ्या टोकाला बसायची. नूतनला तिथून तिचा डबा दिसत नसे, नुसती पाठ दिसायची आणि कोपर हलताना दिसायचं. कोपर हलतंय एवढं बघितलं की ती पुन्हा उंदराकडे वळायची.

गणपतीला तीन दिवस राहिले होते. रंग सुकलेले उंदीर घेऊन मनस्वी फळीपाशी आली आणि तबक खाली ठेवून तशीच उभी राहिली. नूतनच्या कपाळावर, केसांच्या जुन्या रेघेपाशी, बोटाच्या पेराएवढे बारीक ताठ केस उभे होते. मनस्वी ते बघत होती.

"माझे येतील का परत?" तिने विचारलं. काकी म्हणाली नाही.

नूतनला पुष्कळ काही सांगता आलं असतं. तिने कुंचला पाण्यात ठेवला.

"जेवलीस तर येतील."

 मनस्वीने जाऊन आपला डबा आणला, उंदरांच्या रांगेच्या पलीकडे जमिनीवर बसली आणि तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं उघडलं.  मनस्वीची अख्खी भाकरी संपली तेव्हा नूतनचं अर्धं अंडं झालं होतं, आणि ती उरलेलं सावकाश चावत बसली.